पाटोळ्यांचा कुलदेव

रविवारी दुपारी, गाझियाबादच्या इंदिरापुरममधल्या एका टॉवरच्या बाराव्या मजल्यावर, प्रभू येशू ख्रिस्ताचं पुढे काय करायचं यावर पाटोळे कुटुंबाची चर्चा चालू होती आणि कुकरमध्ये मटण शिजत होतं.

"मटण सुचतंय तुम्हाला," उल्हास म्हणाला.

"मला सुचलं," इशिता म्हणाली. ती सोफ्यावर आडवी पडून पाय भिंतीला लावून होती. चोविसाव्या वर्षी बापाच्या घरात असं झोपता येतं, कारण पगार नोएडाचा चॅनेल देतो. "जेलमध्येच जायचं असेल तर खाऊन जा ना यार, बाबा. तिथे रोज टिंडे देतात म्हणे."

"इशू, गप्प बस."

"मी फक्त मेन्यू सांगितला."

खिडकीजवळच्या खुर्चीत चंद्रप्रभाबाई बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. शुक्रवारपासून त्या मुलाशी, उल्हासशी, एक अक्षर बोलल्या नव्हत्या. उभं आयुष्य दिल्लीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेलेली बाई. दोन माणसांमधली लाइन कशी तोडायची हे तिला कुणी शिकवायला नको.

उल्हासने काय केलं होतं ते सांगून टाकलेलं बरं, कारण तो स्वतः काही सांगणार नाही. केंद्र सरकारात अवर सचिव आहे. 'प्रकरण विचाराधीन आहे' याच्या पुढे त्याची जीभ जात नाही.

दोन वर्षांपूर्वी सरकारी क्वार्टर सोडून ते या सोसायटीत आले. बरोबर गुरुवारचं भजनही आलं. पाटोळे चार पिढ्यांचे ख्रिस्ती, नगरकडचे. त्यांच्याकडे देवाला हाका मारायच्या त्या पेटी, तबला, टाळ घेऊन, अभंगाच्या चालीत. म्हणजे ऐकणाऱ्याला मराठी येत नसेल, तर बंद दारामागे कोण बसलंय याचा बापजन्मात पत्ता लागणार नाही. पहिल्याच महिन्यात लिफ्टमध्ये सोसायटीचे अध्यक्ष त्यागीजी भेटले. म्हणाले, "पाटोळे साहब, गुरुवार को आपके यहाँ बड़ा मीठा भजन होता है. किसका है जी?"

सरळ प्रश्न होता. दोन अक्षरांचं उत्तर होतं. उल्हासने लिफ्टच्या आकड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "कुलदेवता का है जी. हमारे अहमदनगर की तरफ़ के."

आणि असा, ज्याच्यासाठी उल्हासच्या पणजोबाला गावाने विहीर बंद केली होती, तो येशू ख्रिस्त इंदिरापुरमच्या लिफ्टमध्ये पाटोळ्यांचा कुलदेव झाला.

पुढच्या गुरुवारी मिसेस त्यागी नारळ घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी दोघी. हॉलमध्ये क्रूस नव्हता, कारण लग्नात उल्हास आणि उत्तराचा तहच तसा झाला होता: हॉलच्या भिंतीवर ना तुझा देव, ना माझा. उत्तरा दिल्लीच्या करोल बागेतल्या कुलकर्ण्यांची. तिने बाप्तिस्मा घेतला नाही. तिची अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण स्वयंपाकघरातल्या फळीवर बसत. आल्या-गेल्या बायका पाणी प्यायला आत जात, फळी बघत, हात जोडत आणि निवांत होत.

राहिला प्रश्न गाण्यांचा. तिथे उल्हासने खरी हुशारी केली. गाणी तो निवडायचा. त्याने ज्या ज्या गाण्यात 'येशू' होता, 'ख्रिस्त' होता, 'क्रूस' होता, ती गाणी बाजूला ठेवली. उरलेल्यांत 'धनी', 'दयाळा', 'मायबाप'. असलं गाणं कुठल्याही देवाला शोभतं. आईला वाटलं, पोराची आवड वयाप्रमाणे हळवी झाली. आणि शेजारणी येतात म्हणजे प्रभूच बोलावतो. उल्हासने बजावलं होतं, "आई, कायदा कडक आहे, त्यांच्याशी धर्माचं बोलू नकोस, फक्त गा." ती गात राहिली. दोन वर्षं ती बिचारी समजत होती की ऐकणाऱ्यांना कळतंय.

गेल्या गुरुवारी उल्हास लखनौला टूरवर होता. गाणं आईने निवडलं. नेमका त्याच दिवशी नवव्या मजल्यावर भाड्याने राहणारा अंशुमन काही कामाने बाराव्यावर आला. पुण्याचा पोरगा, नोएडात नोकरी, सहा महिन्यांत कानावर मराठी शब्द नाही. लिफ्टपाशी आपली भाषा ऐकू आली तसा चप्पल काढून आत येऊन बसला. आई गात होती:

सुताराच्या लेका, येशू माझ्या धन्या,
खिळ्यांच्या हातांनी दार माझे उघड.

त्याचे डोळे भरून आले. शुक्रवारी सकाळी त्याने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की बारहवीं मंज़िल पर आंटी इतने सुंदर मराठी ईसाई भजन गाती हैं, घर की याद आ गई, सबको ज़रूर सुनने चाहिए. खाली हात जोडलेले, फूल आणि हृदय.

त्याच्या खाली दिवसभर काय काय आलं ते इथे लिहीत नाही. घाण हिंदीतही तेवढाच वास मारते.

*

नीरजा आली ती दारातच हात वर करून. उल्हासची बहीण, नोएडाला असते. तिने देऊळ, म्हणजे जुनं चर्च, सोडून एका नव्या फेलोशिपच्या प्रार्थनांना जायला सुरुवात केल्यापासून तिला सगळीकडे सैतान दिसतो, पार्किंगमध्येसुद्धा.

"आनंद करा," ती म्हणाली. "छळ होतोय म्हणजे आपण निवडलेले आहोत."

"आत्या, चप्पल," इशिता म्हणाली.

"दादा, मी तर म्हणते उभा राहा सगळ्यांसमोर आणि सांग. होऊ दे केस. आमच्या पास्टरांवर तीन केसेस आहेत, चेहरा बघ कसा चमकतो त्यांचा."

"तो तेलाने चमकतो," उल्हास म्हणाला. "नीरू, ऐक. आज संध्याकाळी क्लब हाउसमध्ये मीटिंग आहे. त्यागीजींनी मला कालच बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचं म्हणणं, फसवून बायकांना बोलावलं. हे नुसतं भांडण नाही. पोलीस ठाण्यात अर्ज गेला तर धर्मांतराचं कलम लागतं. जामीन सहजासहजी नाही. अठ्ठेचाळीस तास आत राहिलो की सस्पेन्शन आपोआप. त्यांच्यावरही बाहेरच्या पोरांचं प्रेशर आहे. ते म्हणतात, सर्वांसमोर एवढंच सांगा की तो मराठी सांस्कृतिक कार्यक्रम होता, धार्मिक काही नव्हतं, आणि आता बंद केला. चॅप्टर क्लोज."

"म्हणजे नाकारायचं? प्रभूला?" नीरजाने छातीवर हात ठेवला. "दादा, तू न्यायाच्या दिवशी काय तोंड दाखवणार?"

"ग्रुपवर व्हिडिओही आलाय," इशिता फोन बघत म्हणाली. "गेल्या महिन्यातला. आत्या, तू आहेस त्यात. हात वर करून. फुल फ्रेम."

नीरजा बसली.

"दाखव." तिने पाहिलं. परत पाहिलं. तिच्या मुलाचं, केतनचं, कॅनडाला जायचं चाललं होतं; पोलिसांचा दाखला यायचा होता. एवढं सगळं तिच्या चेहऱ्यावरून एखाद्या बातमीच्या पट्टीसारखं सरकत गेलं. मग ती घसा खाकरून म्हणाली, "तसं बघितलं तर सापासारखं चतुर राहायलाही सांगितलंय आपल्याला."

इशिताने उशीत तोंड खुपसलं.

"हसू नकोस. मला आत्ताच वरून सुचवलं गेलं," नीरजा म्हणाली, आणि आवाज खाली आणला, कारण आत कुकरची शिट्टी वाजून शांतता झाली होती. "दादा, वहिनी हिंदू आहे ना? कागदोपत्री, जन्माने, सगळ्याने. पेटी कोण वाजवतं? वहिनी. घर कुणाच्या नावावर? तिच्याही. वहिनीने उभं राहून सांगायचं, मी कुलकर्ण्यांची मुलगी, भजन माझं, गाणी माझ्या माहेरची. कोण काय करणार? हिंदू बाईने हिंदूंना हिंदू भजनाला बोलावलं. कलमच लागत नाही."

उल्हासने बहिणीकडे पाहिलं. शुक्रवारपासून त्याला झोप नव्हती. हे त्याच्याही मनात येऊन गेलं होतं, फक्त त्याला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून यायला हवं होतं. तीस वर्षं फायली हलवणाऱ्या माणसाला सही नेहमी दुसऱ्याची लागते.

"उत्तरा," त्याने हाक मारली.

चंद्रप्रभाबाई खुर्चीतून म्हणाल्या, "उल्हास."

शुक्रवारनंतरचा पहिला शब्द.

"तू मला दोन वर्षं त्याच्या नावाशिवाय गायला लावलंस. ते तू माझ्यापुढे नाही, त्याच्यापुढे केलंस. मी देवळाच्या पाळकांना फोन केलाय. मंडळीसमोर उभा राहून कबूल करीपर्यंत तुला प्रभुभोजन नाही. नाताळालाही नाही. भाकरीचं ताट तुला वगळून पुढे जाईल."

"आई, मी जेलमध्ये जाईन."

"जाशील," आई म्हणाली. "तिथे भेटायला येईन."

*

उत्तराला सगळं ऐकू गेलं होतं. ओट्यापासून सोफा किती लांब असतो तो? तिने मटणात कोथिंबीर टाकली. हेही तिनेच शिकून घेतलं होतं, कुलकर्ण्यांच्या मुलीने, रॉकेलच्या स्टोव्हवर, सासूच्या नाक मुरडण्याला न जुमानता. पेटी मात्र माहेरून येताना आणली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी देवळातले पेटीवाले मामा वारले आणि कुणीच नव्हतं म्हणून ती भजनाला बसली. आजवर बसलीच आहे. ख्रिस्ताची दीडशे गाणी तिला पाठ आहेत, पाळकांना चाळीस येत असतील.

आणि दर महिन्याला देवळात प्रभुभोजनाचं ताट रांगेतून येतं. उल्हास घेतो, आई घेते, इशिता च्युइंगम काढून घेते. ताट उत्तरापाशी येतं आणि तिच्या मांडीवरून पुढे जातं. बाप्तिस्मा नाही ना. नियम आहे. ती पेटीचा भाता धरून बसते आणि भाकरीचा तुकडा जाताना बघते. कधी कुणी म्हणालं नाही की बाई, तुला भूक लागली असेल.

आज ते ताट बरोबर तिच्यासमोर थांबलं होतं. तू हिंदू आहेस ना, मग घे.

चंद्रप्रभाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. फळीवरच्या अन्नपूर्णेकडे त्यांनी सवयीने पाहिलं नाही.

"काय बोलणार आहेस?"

"तुम्हाला काय वाटतं, आई? माझ्यात तुमचा प्रभू नाही म्हणजे मी खोटंच बोलणार?"

"तू नवऱ्याला वाचवशील असं वाटतं."

"वाचवू नको?"

म्हातारी आत आली. ओट्याची कड तिने धरली होती. "मी असते तर वाचवलं असतं," ती म्हणाली. "म्हणून तर बाहेर एवढं कडक बोलले. आत येऊन तुला सांगणार होते, वाचव म्हणून."

उत्तराने डाव खाली ठेवला.

"मग सांगा."

"नाही सांगत," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "दारापर्यंत आले आणि तोंड उघडेना. तू तुला हवं ते बोल. मी तुला त्यात धरणार नाही. देवही धरणार नाही बहुतेक, तुझा त्याच्याशी करारच नाही."

"तीस वर्षं वाजवतेय, आई. करार नाही कसा?"

चंद्रप्रभाबाई ताटांकडे वळल्या. "ताटं घेते," त्या म्हणाल्या.

सगळे पोटभर जेवले. नीरजाने दोनदा रस्सा घेतला.

*

क्लब हाउसमध्ये टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. पाठीमागच्या काचेबाहेर नोव्हेंबरचा धूर. लोक बरेच आले होते. सोसायटीत पाणी आलं नाही तेव्हाही इतके येत नाहीत. पाटोळे पुढच्या रांगेत बसले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. अंशुमन पार मागे उभा होता. गर्दीत चुकून कुणाचं पोर पाडल्यासारखा चेहरा.

नीरजा पहिल्या पाच मिनिटांत "बाथरूमला" म्हणून उठली. खिडकीतून इशिताला ती गेटवर कॅबचा नंबर ओरडून सांगताना दिसली.

त्यागीजी उभे राहिले. त्यांच्या हातात काही नव्हतं, आवाजातही राग नव्हता. तेच जास्त वाईट होतं.

"पाटोळे साहब, मैंने आपके कुलदेवता के आगे हाथ जोड़े हैं. मेरी पत्नी ने नारियल चढ़ाया है. पिछले साल उसका घुटना इतना ख़राब था कि सीढ़ी नहीं चढ़ती थी. उसने आपके यहाँ मन्नत मानी, और ठीक हो गई. अब लोग मुझसे पूछते हैं, त्यागी, किसके आगे मानी? मैं क्या जवाब दूँ? आप सबके सामने कह दीजिए कि धार्मिक कुछ नहीं था, और अब नहीं होगा. हम पड़ोसी हैं. बात यहीं ख़त्म."

उल्हासने उत्तराकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं, कारण ती उभी राहिली होती. डोक्यावर पदर, कपाळावर रोजच्यापेक्षा मोठी टिकली. उल्हासच्या छातीतून सुटलेला श्वास इशिताला ऐकू आला.

"नमस्ते जी. मैं उत्तरा पाटोळे. मायके की कुलकर्णी. मैं हिंदू हूँ."

हॉलमध्ये खुर्च्या सैलावल्या. कुणीतरी म्हणालं, अच्छा, देखो.

"हारमोनियम मैं बजाती हूँ. तीस साल से. भजन येशू के हैं. सब के सब, जो आपने सुने, जिनमें नाम नहीं था वो भी. नाम मेरे पति ने निकाल दिए थे, आपके डर से. कुलदेवता वाली बात झूठ थी. आपसे झूठ बोला, त्यागी जी, उसकी माफ़ी माँगनी चाहिए. भजन की नहीं."

सैलावलेल्या खुर्च्या पुन्हा ताठ झाल्या.

"और धर्मांतरण की बात," उत्तरा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण शब्द आपटून येऊ लागले. "तीस साल इन लोगों के घर में हूँ. मुझे तो कर नहीं पाए, आपको क्या करेंगे?"

मागून एकजण हसला आणि लगेच थांबला.

"मैडम भावुक हो रही हैं," त्यागीजी उल्हासकडे वळले. "साहब, आप घर के बड़े हैं. आप बोलिए. मैडम ग़लत कह रही हैं, है ना?"

अजून एक दार उघडं होतं. बायको भावनेच्या भरात बोलली, एवढंच म्हणायचं. पुरुषांनी पुरुषाला दिलेली सोय. उल्हासला समोर काय दिसत होतं? सस्पेन्शनचा कागद, ठाण्यातला बाक. पणजोबाची विहीर बिहीर काही दिसत नव्हती. तसलं फक्त कादंबरीत दिसतं. त्याला बायकोची मान दिसत होती. मानेची शीर ताडताड उडत होती. तीस वर्षांत ती इतक्या माणसांसमोर कधी बोलली नव्हती, आणि आता तिला खोटी पाडायचं काम त्याच्याकडे आलं होतं.

"नहीं," तो म्हणाला. मग उभा राहिला, कारण बसून ते फार लहान वाटलं. "ग़लत नहीं कह रही. मैं ईसाई हूँ. मैंने झूठ बोला. माँ को भी नहीं पता था."

गलका झाला. त्यात मिसेस त्यागींचा बारीक आवाज वर आला. "तो मेरा घुटना किसने ठीक किया?"

"तू चुप कर," त्यागीजी म्हणाले.

"चुप क्यों करूँ? मैंने इनके यहाँ माँगा, हो गया. तो किसने किया? मुझे बताओ तो सही."

सगळ्या माना चंद्रप्रभाबाईंकडे वळल्या. नीरजा इथे असती तर तिने आनंदाने किंचाळून साक्ष दिली असती. एका शब्दात अर्धा हॉल आपल्या बाजूला, निदान गोंधळात. मिसेस त्यागी हात जोडायच्या बेतात होत्या.

चंद्रप्रभाबाई काठी टेकून उभ्या राहिल्या. ट्रंक कॉलचा तोच जुना आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ.

"बहन जी, आपने घुटने में इंजेक्शन लगवाए थे. तीन. मुझे दिखाया था आपने, सूजन थी. घुटना डॉक्टर ने ठीक किया."

"पर मन्नत..."

"मैंने आपके लिए प्रार्थना की थी. रोज़. येशू के नाम से की थी, घर के अंदर, धीरे. उसने क्या किया, क्या नहीं, मैं नहीं जानती. मैं झूठ में उसका नाम नहीं लगाऊँगी. एक बार निकाला, वही बहुत पाप हुआ हमारे घर से."

त्यागीजींनी कपाळ पुसलं. "माताजी, आप समझ नहीं रहीं. अब मुझे थाने में अर्ज़ी देनी पड़ेगी. मैं नहीं दूँगा तो बाहर के लड़के देंगे, और वो अर्ज़ी से काम नहीं चलाएँगे."

"दीजिए," त्या म्हणाल्या. "सच लिखिएगा."

*

वर जायला दोन्ही लिफ्ट खाली आल्या. एकीत माणसं कोंबून भरली. दुसरीत पाटोळे चढले आणि बाकीचे बाहेर थांबले. दार बंद होता होता अंशुमन आत घुसला.

"काकू, आजी, मी खरंच... मला माहीत नव्हतं. मला फक्त आवडलं होतं."

"आवडलं ना?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "मग झालं. दोन वर्षांत कळून आवडलेला तू पहिलाच."

तो नवव्या मजल्यावर उतरला. जाताना "सकाळी ठाण्यात जायला माझी गाडी घेऊ या" असं काहीतरी पुटपुटला. उल्हासचा फोन वाजला: नीरजा. 'कसं झालं? मी इथे गुडघ्यांवर, प्रार्थनेत आहे.' इशिताने तो त्याच्या हातातून घेऊन बंद केला.

घरात कुणी दिवा लावला नाही. उल्हास सोफ्याच्या कडेवर बसला. तसाच, बूट घालून.

"आता तरी समाधान झालं, आई?"

"नाही," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "भीती वाटतेय. मला वाटलं होतं, खरं बोललं की हिंमत येईल. नाही आली." त्यांनी हात पुढे केला आणि मुलाने तो धरला. "तुला नेलं तर मी काय करू, उल्हास?"

त्याने आईला ओढून सोफ्यावर शेजारी बसवलं.

उत्तरा पदर काढून भिंतीला टेकून उभी होती. टिकली तिने काढून दारावर चिकटवली होती, रोजच्या जागी. "वकिलाशी बोलले मी दुपारीच," ती म्हणाली. "भांडी घासताना. सकाळी येतो म्हणालाय. आणि गुरुवारचं काय? म्हणायचंय ना?"

"म्हणायचंय," आई म्हणाल्या. "पण सूर खालचा धर. नेहमीच्या पट्टीत माझा आवाज फुटेल."

"खालचा धरला तर बाहेर ऐकू जाणार नाही, आई."

चंद्रप्रभाबाईंनी थोडा विचार केला.

"मग दार उघडं ठेव," त्या म्हणाल्या.